लोणचं बाउलचा हिरवा कोट

शप्पथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. बायबलावर हात ठेवून सांगते, माझ्या सासूच्या थडग्यावर हात ठेवून सांगते, आणि ती बाई थडग्यातून उठून बसली तरी हेच सांगेन. फक्त हॉलिसला विचारू नका. माझ्या नवऱ्याला काही आठवत नाही, आणि जे आठवतं ते नेमकं माझ्याविरुद्धचं असतं.

तर आमच्या टिल्डन गावाचा एक बाउल होता. शेंगदाणा बाउल. कॉलेजच्या फुटबॉलचा, तोच चेंडू हातात धरून धडका देत पळायचा खेळ, त्याचा हंगाम नोव्हेंबरात संपतो, आणि ज्या संघानं बारापैकी निदान सहा सामने जिंकलेत त्याला डिसेंबरात कुठल्यातरी गावाचं बोलावणं येतं. या, आणखी एक सामना खेळा, जेवा, मिरवा, भेटवस्तू घ्या आणि घरी जा. हा झाला बाउल. माझं लग्न झालं तेव्हा अख्ख्या देशात असे दहा-अकरा होते, ते पण मोठ्या शहरांत. मग काय झालं कोण जाणे, ज्याच्या शेतात जे पिकेल त्याच्या नावाचा बाउल निघायला लागला. आम्ही अलाबामातले दाणेवाले, आम्ही दाण्याचा काढला. पूर्ण नाव 'रस्किन सेप्टिक टँक शेंगदाणा बाउल', कारण संडासाच्या टाक्या उपसणारा रस्किन आमच्या पाठीशी उभा राहिला. खेळाडूंना भेट म्हणून तो टॉयलेट पेपर वाटायचा, त्यावर दाण्याची चित्रं छापलेली. हसू नका. पोरं ते घरी नेऊन जपून ठेवायची.

आणि बाउल म्हटला की कोट आला. हे तुम्हाला माहीतच असेल. बाउलची कमिटी म्हणजे तिचा कोट. आमचा मोहरीच्या रंगाचा, खिशावर शेंग भरतकाम केलेली. कमिटीतल्या माणसानं तो कोट घातला की तो दाढी न करता जरी उभा राहिला तरी लोक उठून हात मिळवतात. आमच्या हॉलिसकडं तो कोट अठ्ठावीस वर्षं होता. घरात त्याला वेगळं कपाट. माझ्या हिवाळी कपड्यांना कपाट नव्हतं.

मी काय करायची? पाहुणा संघ बसमधून उतरला की पहिलं जेवण माझं. शंभर पोरांना कोंबडीचा रस्सा, त्यात सोडलेले पिठाचे मऊ गोळे, मक्याचा पाव आणि वर पीचचा गोड कॉब्लर. एका वर्षी ओहायोकडच्या एका पोरानं एवढं खाल्लं की दुसऱ्या दिवशी दोघांनी मागून ढकलून त्याला मैदानावर नेला. तिथं तो जिथं उभा राहिला तिथून समोरच्या अख्ख्या संघाला त्याला हलवता आलं नाही, आणि त्याचा संघ जिंकला. त्यांच्या प्रशिक्षकानं माझा हात हातात घेऊन आभार मानले. पण कोट? मी दरवर्षी आमच्या अध्यक्षांना, पर्व्हिस डीकनना, विचारायची. ते दरवर्षी तेच म्हणायचे, "डॉर्कसबाई, कोट पुरुषांच्याच मापाचे येतात हो." आणि मला एप्रन द्यायचे. अठ्ठावीस एप्रन आहेत माझ्याकडं.

तरीही मी शहाण्यासारखी गप्प होते. खरंच होते. मग माझ्या जाऊबाईंचा बाउल निघाला.

इमोजीन म्हणजे हॉलिसच्या थोरल्या भावाची, थर्मनची बायको. वयानं माझ्यापेक्षा आठ महिन्यांनी लहान, पण थोरल्याची बायको म्हणून नाताळात टर्की कापायचा मान तिचा. राहते आमच्यापासून बारा मैलांवर, पोर्ट ल्युलाला. तिथं बंदर नाही आणि ल्युला कोण होती ते कुणाला ठाऊक नाही. तिथं आहे काय, तर काकडीच्या लोणच्याचा कारखाना. त्यांच्या मनानं घेतलं, टिल्डनला बाउल आहे मग आपल्याला का नको. झालं. लोणचं बाउल.

आणि त्यांनी बायकांनाही कोट दिले.

मी पहिल्यांदा तो कोट पाहिला तो चर्चमध्ये. इमोजीन तो घालून आमच्या चर्चला आली, बारा मैल गाडी हाणून. तिच्या गावात तीन चर्च असताना. हिरवागार कोट, कोवळ्या काकडीसारखा. सोनेरी बटणं. खिशावर छोटंसं लोणचं, त्याला डोळे आणि हसरं तोंड. आत रेशमी अस्तर. अस्तर मी पाहिलं कारण ती बसताना कोट मुद्दाम उघडून बसली. प्रार्थनेत डोळे मिटायचे असतात. मी मिटले नाहीत. त्या दिवशी पाद्रीबुवांनी कशावर प्रवचन दिलं ते मला आजपर्यंत माहीत नाही.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "डॉर्कस, अगं तुला पण मिळेल गं कधीतरी. तुमचे लोक थोडे जुन्या वळणाचे."

मी म्हटलं, छान दिसतोय. तुझ्या गालांचा रंग जरा पिवळा दिसतो त्यात, पण छान. घरी येऊन मी एक पूर्ण कोबी चिरला. आम्हाला कोबी आवडत नाही.

आता ज्या वर्षाची गोष्ट सांगायची ते वर्ष. त्या वर्षी देशात चाळीस बाउल झाले होते. चाळीस म्हणजे ऐंशी संघ. आणि सहा सामने जिंकलेले संघ निघाले अठ्ठ्याहत्तर. दोन कमी. एक आमच्याकडं कमी पडला आणि एक इमोजीनकडं. मग नियम असा की पाच जिंकून सात हरलेले संघ घ्यायचे, पण असे-तसे नाही, ज्या कॉलेजची पोरं अभ्यासात वर, त्याला आधी विचारायचं, आणि कुठल्या बाउलला जायचं ते त्यानं ठरवायचं. यादीत पहिलं आलं वॉरफिल्ड कॉलेज, उत्तरेला डोंगरात, सगळी चष्मेवाली पोरं. त्यांच्या खालच्यांना विचारलं तर कुणाचा प्रशिक्षक हाकललेला, कुणाची पोरं सुट्टीला घरी पांगलेली, सगळ्यांनी हात जोडले. म्हणजे संघ एक आणि बाउल दोन. ज्याला वॉरफिल्ड मिळेल तो बाउल होणार. दुसऱ्याचा त्या वर्षी होणार नाही, आणि एकदा चुकलेला बाउल परत उभा राहत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पर्व्हिस डीकन आमच्या स्वयंपाकघरात आले. कधी यायचे नाहीत. दोन वाट्या कॉब्लर खाल्ला आणि मग म्हणाले की वॉरफिल्डच्या लोकांना समजावायला हॉलिसबरोबर मीही जावं, कारण हॉलिसला बोलता येत नाही. हे खरंच आहे. मी म्हटलं, जाईन, पण मग मला काय? त्यांनी चमच्यानं वाटीचा तळ खरवडला.

"वॉरफिल्ड घेऊन या, डॉर्कसबाई," ते म्हणाले, "आणि तुमच्या मापाचा कोट मी स्वतः शिवून घेतो."

माझ्या हातातला डाव खाली पडला. अठ्ठावीस वर्षं, आणि तो कोट आता सहा तासांच्या रस्त्यावर होता.

त्या रस्त्यानं आम्ही चौघं एकाच गाडीतनं गेलो. दोघं सख्खे भाऊ, दोघांनाही त्याच दिवशी त्याच कॉलेजात त्याच माणसाला भेटायचं, मग दोन गाड्या कशाला, असं थर्मन म्हणाला. पुढं हॉलिस मोहरीच्या कोटात आणि थर्मन हिरव्या कोटात, माशांबद्दल बोलत. मागं इमोजीन आणि मी. तिनं कोट घातला नव्हता, सुरकुत्या पडतील म्हणून हँगरला लावून आमच्या दोघींच्या मधे गाडीच्या छताला टांगला होता. प्रत्येक वळणाला त्याची बाही माझ्या गालाला लागायची. सहा तास.

टस्कलूसा शहराच्या पुढं गेल्यावर थर्मननं विषय काढला की खरं सांगायचं तर हे बाउल फार झालेत. हॉलिस म्हणाला, फारच झालेत. इमोजीन म्हणाली, अगदी, हरलेल्यांना बक्षीस द्यायचं म्हणजे कसली शिस्त राहिली. मी म्हटलं, अर्धे बंद करायला हवेत. लग्नानंतर पहिल्यांदाच आम्हा चौघांचं एकमत झालं. मग थर्मननं विचारलं, कुठले बंद करायचे, आणि पुढचे चाळीस मैल कुणी कुणाशी बोललं नाही.

मोटेलात दोन खोल्या घेतल्या. दोघं भाऊ गिरणीसारखे घोरतात, म्हणून त्यांना एका खोलीत टाकलं आणि आम्ही जावा दुसऱ्या खोलीत. इमोजीननं कोट दाराच्या मागच्या हुकाला लावला, त्याच्यावर हात फिरवला, आणि म्हणाली, "त्याच्यावर काही ठेवू नकोस हं, डॉर्कस." जणू मी ओला टॉवेल फेकणार होते. मनात आलं होतं, पण फेकला नाही.

भेट सकाळी दहाची. साडेसातला इमोजीन आंघोळीला शिरली. ती आंघोळीला गेली म्हणजे गावातल्या टाकीचं पाणी उतरतं. मी एकटी, आणि समोर तो कोट.

मी फक्त आरशात बघणार होते. एकदाच. बाही घातली, दुसरी बाही घातली. खांद्यावर असा बसला की माझ्याच मापाचा शिवलाय. हिरवा रंग माझ्या डोळ्यांना उठून दिसतो, हे माझी आई सांगायची. इमोजीनचे डोळे तपकिरी आहेत, तिला काय कळणार. मी बटण लावलं. मान तिरकी करून बघितलं. मग काढायला गेले तर बटण अडकलं. सोनेरी, जड बटण, काही केल्या काजातून निघेना. ओढलं तर इमोजीनला कळणार. आतलं पाणी अजून चालू होतं. मी विचार केला, खाली काउंटरवरच्या बाईकडं छोटी कात्री असेल, जाऊन पटकन सोडवून आणू.

खाली नाश्त्याची खोली. काउंटरवर कुणी नाही. आणि वाफल भाजायच्या यंत्रापाशी एक उंच, वाकलेला, दमलेला माणूस उभा. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग कोटाकडं बघितलं, आणि लगेच ताठ झाला. म्हणाला, बाउलकडून आलात ना तुम्ही? मी अ‍ॅकर्ली, वॉरफिल्डचं खेळखातं माझ्याकडं. घरची वाफलं जळतात म्हणून इथं येऊन खातो.

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? समोर तोच माणूस, ज्याच्यासाठी आम्ही सहा तास आलो. दहा वाजता इमोजीन तोंड उघडणार, त्याच्या आधी मला संधी. मी म्हटलं, हो, बाउलकडून.

तो वाफलवर सिरप ओतत म्हणाला की खरं सांगू का, बाई, माझी पोरं यायला तयार नाहीत. सात सामने हरलो, त्यात एक छप्पन्न विरुद्ध तीन. पोरं म्हणतात, आम्ही कुठल्या तोंडानं बक्षीस घ्यायला जायचं? लोक हसतील. पेपरवाले लिहितायत की बाउल फार झाले म्हणून तुमच्यासारख्यांना बोलावतात.

मी त्याला काय सांगितलं ते मला अजून पाठ आहे. मी सांगितलं की साहेब, फार झालेत हे खरं आहे. ते मीच कालच गाडीत म्हटलंय. पण आमच्याकडं आलेल्या पोराला किती सामने जिंकलास असं मी आजपर्यंत विचारलेलं नाही. मी विचारते, आणखी वाढू का. मग मी त्याला रस्सा सांगितला, गोळे सांगितले, कॉब्लरवरची साखरेची खरपूस पापडी सांगितली. त्या ओहायोच्या पोराची गोष्ट सांगितली, थोडी वाढवून. त्याचं वाफल तसंच राहिलं. शेवटी मी म्हटलं, "ज्यांना सात वेळा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत त्यांना एकदा पोटभर जेवू तरी घाला. घेऊन या त्यांना आमच्याकडं."

अ‍ॅकर्ली साहेबांनी हात पुसला आणि पुढं केला. "येतो," ते म्हणाले. "शब्द दिला. आत्ताच प्रशिक्षकाला फोन करतो."

आम्ही हात मिळवला. आता बाउलच्या जगात हातात हात म्हणजे झालं, कागद नंतर येतो. माझ्या कानात बँड वाजायला लागला. मोहरीचा कोट, माझ्या मापाचा. मला पर्व्हिस डीकन मोजपट्टी घेऊन दिसायला लागले.

जाता जाता अ‍ॅकर्ली साहेब वळून म्हणाले, "आणि मला काकडीचं लोणचं फार आवडतं."

मी खाली बघितलं. खिशावरचं लोणचं माझ्याकडं बघून हसत होतं.

अख्ख्या बोलण्यात मी एकदाही शेंगदाणा म्हटलं नव्हतं. आमच्या गावात कोण म्हणतं शेंगदाणा बाउल? बाउल म्हणजे आमचाच, दुसरा आहेच कुठं. मी जिन्यावर उभी राहिले. धावत जाऊन सांगायला हवं होतं. पण काय सांगणार? की साहेब, हा कोट माझा नाही, माझ्या जावेचा आहे, ती वर आंघोळ करत्येय आणि मी चोरून घातलाय? मी तीन पायऱ्या खाली गेले, चार वर गेले. आणि बघा हं, खोलीत पोचले तर ते बटण लोण्यासारखं सुटलं. कोट हुकावर, बाही सरळ, मी पलंगावर बायबल उघडून. इमोजीन टॉवेल गुंडाळून बाहेर आली आणि म्हणाली, एवढ्या सकाळी बायबल, बरं नाहीये का तुला?

दहा वाजता कॉलेजच्या हॉलमध्ये. हॉलिस मोहरी, थर्मन हिरवा, इमोजीन हिरवी, आणि मी माझ्या करड्या स्वेटरमध्ये. इमोजीननं तिच्या भाषणाचे कागद काढले होते. अ‍ॅकर्ली साहेब आले ते प्रशिक्षकाला आणि फोटोवाल्याला घेऊनच. म्हणाले की कागद राहू द्या, आमचं ठरलंय, आम्ही पोर्ट ल्युलाच्या लोणचं बाउलला येतोय, आणि याचं सगळं श्रेय सकाळच्या त्या बाईंना. असं म्हणून इमोजीनच्या समोरून निघून माझ्यापाशी आले.

इमोजीन म्हणाली, मी तर अजून तोंडच उघडलं नाही. थर्मनला उशिरा कळतं. तो म्हणाला, "पण डॉर्कसकडं कोटच नाहीये."

मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. हॉलिस सुद्धा, त्या मोहरीच्या कोटातून. मला पळून जाता आलं असतं, दार जवळच होतं. पण मी सांगितलं. सगळं. की मी दाण्यांकडून आलेय, कोट हिचा होता, आरसा, बटण, वाफल. अ‍ॅकर्ली साहेबांना राग आला नाही. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. त्यांनी विचारलं, "पण बाई, तुम्ही दुसऱ्यांचा कोट का घातलात?"

"कारण आमच्यांनी मला दिला नाही," मी म्हटलं. "अठ्ठावीस वर्षं वाढलं मी, आणि मला दिला नाही."

हॉलिसनं स्वतःच्या कोटाचं एक बटण उगाच लावलं आणि परत काढलं.

फिरवायला काही उरलं नव्हतं. प्रशिक्षकानं पोरांना सांगून झालं होतं, पोरं म्हणे खोलीखोलीत नाचत होती, आणि अ‍ॅकर्ली साहेब म्हणाले की मी त्या कोटाशी हात मिळवलाय, तिथंच जाणार. मग ते इमोजीनकडं वळले. पोरांना मी या बाईंच्या हातचं जेवण कबूल केलंय, म्हणाले, तेव्हा रस्सा याच करणार. आणि नाणेफेकीला संघाबरोबर मैदानात यजमान म्हणून याच चालणार, कोट घालून, कारण आम्हाला बोलावलं यांनी.

इमोजीन म्हणाली की कोट नऊच शिवलेत. नऊच्या नऊ वाटलेत.

थर्मन म्हणाला, "तुझा दे की. तिला बसतो म्हणाली ना."

परत येताना कोट मागच्या सीटवर मधे नव्हता. तिनं तो मांडीवर घेतला होता, दोन्ही हातांनी धरून. सहा तास. मी खिडकीतून बाहेर बघत होते आणि मला कळत नव्हतं की रडावं की गावं. मी माझ्या गावाचा बाउल घालवला होता. आणि मी तो कोट घालणार होते.

गावानं काय केलं म्हणता? टिल्डननं त्या वर्षी मिरवणूक काढली, राणी निवडली, बँड वाजवला आणि सामना सोडून सगळं केलं. आमच्याकडं यायचा होता त्या दुसऱ्या संघाच्या प्रशिक्षकाला सामना नाही हे कळवलं, तर तो फोनवर एवढ्या मोठ्यानं देवाचे आभार मानायला लागला की पर्व्हिस डीकननी फोन कानापासून लांब धरला. दुकानात बायका माझ्याकडं पाठ करून कांदे निवडायच्या. हॉलिस माझ्याशी अकरा दिवस बोलला नाही. बाराव्या दिवशी म्हणाला, मीठ दे. मग मीठ हातात घेऊन म्हणाला, "मी त्यांना कधी विचारलंच नाही, डॉर्कस. तू विचारायचीस आणि मी शेजारी बसलेलो असायचो." मी म्हटलं, मला माहीत आहे, मीठ टाक आणि जेव.

सामन्याच्या आदल्या दिवशी मी पोर्ट ल्युलात रस्सा केला. इमोजीनच्या स्वयंपाकघरात मसाल्याच्या जागी डबे उघडायची तीन यंत्रं आहेत, म्हणून मी माझी पातेली घरनं नेली. वॉरफिल्डची पोरं चष्मे पुसत जेवली, रस्श्याच्या वाफेनं धुरकट व्हायचे ना. एकानं हिशोब करून दाखवला की एका पोराला सरासरी अठरा गोळे पडले. त्याला स्वतःला एकोणतीस पडले होते.

दुसऱ्या दिवशी नाणेफेक. इमोजीननं मैदानाच्या कडेला कोट काढून मला दिला. हवेत गारठा होता, आणि तिच्या अंगात नुसता ब्लाउज. मी बाह्या घातल्या, बटण लावलं, आणि शंभर पोरांच्या पुढं हिरवळीवर चालत गेले. स्टँडमध्ये माणसं किती होती? चाळीस हजारांची जागा आहे असं पोर्ट ल्युलावाले सांगतात. मी मोजली, दोनशे सहा. त्यातली निम्मी पोरांच्या आया. त्या आयांनी असा आवाज केला की कारखान्यातल्या बरण्यांची झाकणं उडाली. फार झालेत बाउल, मी अजून म्हणते. पण कुठला बंद करायचा ते त्या आयांना विचारून या.

आणि मी वळून बघितलं तर इमोजीन. रेलिंगला धरून उभी, ओठ घट्ट, माझ्या खांद्यांकडं बघत होती. ती नजर मी ओळखली. चर्चमध्ये मी तीच लावून बसले होते. मला तिची दया यायला हवी होती. दुसऱ्या क्वार्टरनंतर, म्हणजे अर्धा सामना झाल्यावर, थोडी आली. तोपर्यंत नाही. आणि कोट मी चारही क्वार्टर काढला नाही, खोटं कशाला बोलू. वॉरफिल्ड जिंकलं, एकतीस-तीस, आणि पोरांनी मला उचलून घेतलं तेव्हा सोनेरी बटणं चमकत होती. परत देताना इमोजीननं कोट नाकाशी नेला आणि म्हणाली, "कोंबडीचा वास येतोय." मी म्हटलं, येणारच, यजमानाचा आहे तो.

मार्चमध्ये पर्व्हिस डीकन आमच्या दारात उभे. हातात मोहरीचा कोट, खिशावर शेंग, बायकांच्या मापाचा, नवा कोरा. म्हणाले, शब्द दिला होता, आणि आता बाउलच नाही तर कुणाची हरकतही नाही. मी घातला. खांद्याला सैल आहे, रंग मला शोभत नाही. तरी शनिवारी शेंगा सोलायला बसते तेव्हा घालते, आणि इमोजीन येणार असेल तर आठवणीनं घालते. ती अजून विचारते, त्याला अस्तर नाही का गं.

तर हे असं. शब्द न् शब्द खरा. एकच गोष्ट सोडून, आणि ती पण सांगून टाकते, कारण सासूचं थडगं इथून लांब नाही. ते बटण अडकलं नव्हतं. पहिल्यापासून सुटत होतं. मला फक्त कुणीतरी मला त्या कोटात बघायला हवं होतं, म्हणून मी खाली गेले.